काकाजींच्या नावानं दिलेली राख

काकाजींच्या पाया पडणं सोपं नव्हतं. आपण वाकलो की तेही वाकायचे, आणि नुसता हात लावून भागत नसे, आपल्या पायांवर डोकं टेकवायचे. वय सत्तरीच्या पुढं, डावा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे एकदा खाली गेलेले काकाजी आपले आपण वर येत नसत. ज्यानं नमस्कार केला त्यानंच काखेत हात घालून त्यांना उभं करायचं. चक्कीवरून उठून आलेले असले तर उचलणाऱ्याच्या शर्टावर पिठाचा पट्टा. एका लग्नात नवरा-नवरी जोडीनं वाकले, काकाजी त्या दोघांपुढं वाकले, नवरीच्या शालूवर पांढरा हात उमटला आणि तिची आई रडायच्या बेताला आली. मागं आहेराची रांग खोळंबलेली. त्यांना उचलता उचलता मी कानाशी म्हणालो, काकाजी, सरळ आशीर्वाद देऊन टाका ना, तुमचं काय जातं? ते धापा टाकत म्हणाले, "माह्यापाशी असन तं देईन न बावा."

शेवटी लोकांनी त्यांच्या पाया पडणं सोडून दिलं. त्यांना तेच हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी कितीतरी वेळा त्यांना उचललं होतं आणि मनातल्या मनात त्यांच्यावर चिडलो होतो.

हिंगणीत बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची पिठाची चक्की होती, आणि चक्कीच्या मागं त्यांच्याच जागेत टिनाचं शेड टाकून केलेलं प्रार्थनाघर. आमच्या प्रार्थना मंडळाचे ते प्रमुख. जंगलातला वाघ गावाच्या अंगाला येतो म्हणून शेतावरचे लोक ऊन असतानाच परततात. हातपाय धुऊन प्रार्थनेला येतात आणि मग घरी जाऊन जेवतात. तीस-चाळीस माणसं रोज असायची, गुरुवारी शंभराच्या वर. लोकांनी काकाजींना महाराज म्हणायचा प्रयत्न केला, बाबा म्हणायचा केला, पण तसं म्हटलं की ते हातातला दळणाचा डबा खाली ठेवून निघून जायचे. काकाजी एवढंच त्यांनी चालवून घेतलं.

मी इथल्या शाळेत मराठी शिकवतो. बदलून आलो तेव्हा तिशीत होतो, आवाज बरा होता, पेटी वाजवता येत होती, आणि बोलणं तर मला चांगलंच येत होतं. दोन वर्षांत काकाजींनी मला आपल्या शेजारी बसवलं. म्हणाले, माह्या मागं तुले पाहा लागन. मला आनंद झाला. तो मी लपवला, पण त्यांच्यापासून काही लपत नसे. त्यांनी पुढं जोडलं, "तुह्या बोलण्यात लय गोडी आहे, प्रभाकर. मले त्याचीच भीती वाटते."

मंडळात एक रीत होती. प्रार्थना झाली, भजन झालं, की पाच मिनिटं शांत बसायचं आणि मग ज्याला वाटेल त्यानं दिवसभरातली आपली एक चूक उभं राहून सांगायची. कोणी काही विचारायचं नाही, समजूत घालायची नाही, उपदेश करायचा नाही. सांगितलं की खाली बसायचं. पण सुरुवात प्रमुखानं करायची, हा नेम. बाकी कोणी नाही बोललं तरी चालेल, प्रमुखाला सुटका नाही.

आणि काकाजी जे सांगायचे त्यानं माझी मान खाली जायची. मला वाटे, मंडळाच्या प्रमुखानं काहीतरी भारदस्त सांगावं. अहंकार डोकावला, नामस्मरणात मन लागलं नाही, असं. ते सांगायचे की वसंताच्या घरच्या बाईनं सकाळी रामराम केला नाही म्हणून मी तिचं दळण मुद्दाम जाडं दळलं. आता उद्या तिच्या पोळ्या तुटतील आणि सासू तिलाच बोलेल. मग ते दळण कोणत्या धान्याचं, किती, तिनं डबा कसा ठेवला, हे सगळं. लोक पदरात, टोपीत तोंड लपवून हसायचे. वसंताची बायको तिथंच बसलेली. एकदा वर्ध्याहून एक मोठे प्रवचनकार आले होते. मी आठ दिवस मागं लागून त्यांना आणलं होतं. त्यांचं बोलणं झाल्यावर काकाजी उभे राहिले आणि म्हणाले, पाहुणे आत्मा-परमात्मा सांगून राह्यले होते तेव्हा मी त्यांच्या हातातलं घड्याळ पाहून राह्यलो होतो, असं घड्याळ आपल्याले भेटन का, हाच विचार. प्रवचनकारांनी बाही खाली ओढली. पुन्हा ते कधी आले नाहीत.

त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. बायको म्हणाली, तुम्हाला राग कशाचा आहे, त्यांनी सांगितलं त्याचा, की पाहुण्यासमोर सांगितलं त्याचा? मी ताट सारून हात धुवायला उठलो. उत्तर न देणं मला पहिल्यापासून जमतं.

रविवारी ते मला चक्कीवर बसवायचे. काम एकच, दळणाची पाळी लावणं. ज्याचा डबा आधी आला त्याचं दळण आधी. यात काय शिकायचं असं मला वाटलं होतं. पहिल्याच महिन्यात मुख्याध्यापकांच्या घरून डबा आला. बाईंना घाई होती, मी तो चार डब्यांच्या पुढं सरकवला. काकाजींनी पट्टा चालू ठेवला. दळण झाल्यावर मशीन बंद केली आणि मला त्या चारही जणांकडे पाठवलं. प्रत्येकापुढं जाऊन म्हणायचं, की तुमची पाळी मी दुसऱ्याला दिली. त्यात एक म्हातारी होती, तिला ऐकू कमी यायचं. तिला मी हे तीनदा ओरडून सांगितलं. चौथ्यांदा तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, आयकू आलतं मले पहिल्यांदाच.

परत आलो तेव्हा तोंड लाल झालं असणार. काकाजी पिठात हात घालून पीठ किती गरम झालंय ते पाहत होते. म्हणाले, "तुले सगळ्यांचा लाडका व्हाचं आहे. घरी चालते. शाळेत बी चालते. इथं चालत नाई."

मला त्यांचा राग यायचा, तो असल्या वेळी. आता लिहिताना वाटतं, मी रागावलो कमी असतो आणि ऐकलं जास्त असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

दुखण्यानं गांजलेली माणसं प्रार्थनाघरात येतातच. कुठल्याही प्रार्थनाघरात येतात. काकाजींचा नियम होता की मंडळाच्या माणसानं कोणालाही 'बरं होईल' म्हणायचं नाही. अंगारा द्यायचा नाही, पाणी मंतरून द्यायचं नाही. रोज सकाळी ते स्वतः उदबत्तीचं ताट नळाखाली धरायचे आणि राख मोरीत वाहून जाईस्तोवर उभे राहायचे. तिथं राख शिल्लक राहिली तर कोणीतरी कपाळाला लावणार आणि कोणीतरी पुडीत बांधून नेणार, म्हणून. आजारी माणूस आला की ते एकच विचारायचे, सावंगीले कधी जातो? एकटा जायची हिंमत नसेल तर सोबत जायचे. चक्कीला कुलूप लावून सकाळच्या एसटीनं सेलू, तिथून वर्धा, तिथून ऑटोनं सावंगीचा मोठा दवाखाना. दिवसभर त्या माणसासोबत नंबर लावून बाकावर बसायचे. इकडे दळणाचे डबे साचायचे आणि बाया मला बोलायच्या. एकदा एकानं त्यांना विचारलं, काकाजी, आमच्यासाठी प्रार्थना नाई करणार का? ते म्हणाले, "करू ना. बसमंदी करू. सीट भेटली तं."

आता ते सांगतो, जे सांगायला मला नऊ वर्षं लागली.

काकाजींची एकच मुलगी, तळेगावला दिलेली, आष्टीकडच्या तळेगाव श्यामजी पंतला. नातीचं बाळंतपण तिथं होतं आणि ते अवघड गेलं. काकाजी दीड महिना तिकडेच राहिले. जाताना मंडळ माझ्या हाती दिलं. चक्की बंद, प्रार्थना चालू. सांगणं मीच सुरू करायचं. मी सांगायचो, आणि माझं सांगणं छान असायचं. माझ्या चुका ऐकून लोक म्हणायचे, सर किती मोठ्या मनाचे आहेत. पहिल्या आठवड्यात एक माणूस माझ्या पाया पडला. मी वाकलो नाही. दुसऱ्या आठवड्यात रांग लागली.

मंडळात देवरावभाऊ आणि सुमनवहिनी हे जोडपं नेमानं यायचं. देवरावभाऊंची गावाच्या वरच्या अंगाला शेती, कपाशी आणि तूर. त्यांच्या पायात पऱ्हाटीचं, कपाशीच्या वाळल्या झाडाचं, खुंट घुसलं होतं. शुगर होती, पण ती आहे हे ते कबूल करत नसत. जखम भरेना. सुमनवहिनी एक दिवस प्रार्थनेनंतर थांबल्या. म्हणाल्या, सर, हे दवाखान्यात जायचं नाव काढत नाहीत, काकाजी असते तर घेऊन गेले असते. तुम्ही काही करा.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा टाकायची आणि देवरावभाऊंच्या दारात जाऊन उभं राहायचं. पण परीक्षा तोंडावर होत्या, तपासणी होती. आणि खरं सांगायचं तर दवाखान्यात नेऊन बसवणारा माणूस मला व्हायचं नव्हतं. मला ज्याच्या शब्दानं बरं होतं तो माणूस व्हायचं होतं. बाजूला उदबत्तीचं ताट होतं. काकाजी नव्हते, त्यामुळे राख धुतली जात नव्हती, चांगली बोटभर साचली होती. मी ती कागदात बांधली आणि त्यांना दिली. रोज संध्याकाळी जखमेवर लावा, अकरा दिवस प्रार्थना चुकवू नका, फरक पडेल, असं म्हणालो.

त्या दचकल्या. त्यांना मंडळाचा नियम माहीत होता. त्यांनी विचारलं, काकाजी तर अंगारा देत नाहीत ना? तेव्हा मी म्हणालो की काकाजींचा फोन आला होता, त्यांनीच सांगितलं आहे.

फोन आला नव्हता. काकाजींचा साधा डब्बा मोबाइल बहुतेक वेळा बंदच असायचा. वहिनींनी पुन्हा विचारलं, खरंच काकाजींनी सांगितलं? मी हो म्हणालो. माझ्या एकट्याच्या शब्दाला वजन नव्हतं, म्हणून त्यांचं वजन उचलून घातलं. एवढंच. वाक्य दोन सेकंदांचं असेल.

अकरा दिवस देवरावभाऊ लंगडत प्रार्थनेला आले. बाराव्या दिवशी ताप चढला आणि पाय काळा पडला. सावंगीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की इतके दिवस कुठं होता? गुडघ्याच्या खाली पाय काढावा लागला.

काकाजी परत आले त्याच आठवड्यात देवरावभाऊ दवाखान्यातून घरी आले होते. गुरुवारची प्रार्थना. शेड भरलेलं. शांत बसणं संपलं आणि काकाजी सांगायला उठणार, इतक्यात सुमनवहिनी उभ्या राहिल्या. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "काकाजी, तुम्ही तं म्हणत होते अंगारा देऊ नाई. मंग आमालेच काऊन द्याले लावला?"

मी काकाजींच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून त्यांनी पाहिलं नाही. त्यांना कळायला किती वेळ लागला असेल? ताट त्या सकाळी त्यांनीच धुतलं होतं, आणि त्यात दीड महिन्याची राख नव्हती. ते गुडघ्यावर हात दाबून उभे राहिले. म्हणाले, "माह्या नावानं गेलं, म्हणजे मीच देल्लं. सुमन, चूक माही आहे." आणि नेहमीसारखा तपशील न सांगता खाली बसले.

उठायला मला तेव्हा काय हवं होतं? पाय होते, दोन्ही. मी बसून राहिलो. मनात म्हणालो, आत्ता गोंधळ नको, उद्या सांगू. उद्या म्हणालो की परवा.

गावानं काकाजींना शिव्या दिल्या नाहीत. गाव तसं करत नाही. फक्त दळणाचे डबे दुसऱ्या चक्कीवर जाऊ लागले. लोक म्हणायचे, म्हातारा आयुष्यभर एक सांगत राहिला आणि स्वतःच्या फोनवर दुसरंच. मंडळाची बैठक झाली आणि काकाजींनी स्वतःच प्रमुखपद सोडलं. दुसरं नाव कोणी घेतलंच नाही, माझंच पुढं आलं. मी नको नको म्हणालो, दोनदा. तिसऱ्यांदा म्हणालो नाही.

प्रमुख म्हणून पहिल्या संध्याकाळी सांगायला उभा राहिलो. काकाजी सगळ्यांच्या मागं, खांबाला टेकून. मी सांगितलं की आज शाळेत दहा मिनिटं उशिरा गेलो. लोकांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी पोराला रागावलो, तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचण्यात वेळ घालवला. महिनाभरात मी ती रीतच बंद केली. बायांना स्वयंपाकाला उशीर होतो, असं कारण दिलं. बायांना बरंच वाटलं. एकट्या सुमनवहिनींनी विचारलं, काऊन बंद केलं, सर? आमाले आवडत होतं ते.

आणि काकाजी! त्यांच्या त्या गप्प राहण्यानं मला वेड लागायची पाळी आली. रोज यायचे, मागं बसायचे, पेटी वर ठेवायला मदत करायचे, माझी विचारपूस करायचे. एका शब्दानं कधी टोचलं नाही. त्यांनी चारचौघांत माझी लाज काढली असती तर मी त्यांचे उपकार मानले असते. एका रविवारी शेवटी मी चक्कीवर गेलो. रांगेत एकही डबा नव्हता, आणि काकाजी चक्कीचा दगड उघडून त्याला टाकी लावत, छिन्नीनं खाचा पाडत बसले होते, दळायला काही नसताना. मला त्याचाच संताप आला. मी म्हणालो, तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझं अंगावर घ्यायला? मोठेपणा तुमचा झाला आणि मी आत कुजतोय.

त्यांनी छिन्नी बाजूला ठेवली. "मी तुहं कुठं घेतलं? तू तयार नव्हता आन् तुले बसवलं, ते माहं होतं. ते मी घेतलं. तुहं तुह्यापाशीच आहे."

मग मला सांगायला का लावत नाही, असं मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

"मी लावलं तं तू सांगशीन," ते म्हणाले. "मंग ते बी माह्याच नावानं जाईन."

मी घरी आलो. त्या वाक्यात मला रस्ता दिसायला हवा होता. मला पळवाट दिसली. त्यांची घाई नाही, तर मला तरी कशाला, असं.

अशी वर्षं गेली. देवरावभाऊंनी कृत्रिम पाय बसवून घेतला, शेत बटाईनं दिलं, किराणा दुकानाच्या ओट्यावर बसू लागले. मी रोज त्यांना नमस्कार करायचो. त्यांच्या मुलीची फी माफ करवून दिली, मुलाचे अर्ज भरून दिले. वहिनी म्हणायच्या, सर आहेत म्हणून बरं आहे. मी पुढचा अर्ज पुढं ओढायचो.

काकाजींचा गुडघा अगदीच बसला तेव्हा मुलगी त्यांना तळेगावला घेऊन गेली. गेल्या हिवाळ्यात निरोप आला की येऊन भेटून जा. गेलो. अंगणात खाटेवर पडले होते, पीठ नसलेले काकाजी मी पहिल्यांदाच पाहत होतो, रंग इतका सावळा आहे हेही तेव्हाच कळलं. मला पाहून उठून बसले. थोडा वेळ मंडळाची, पावसाची, संत्र्याच्या बहराची चौकशी झाली. मग म्हणाले की माझं एक सांगायचं राहिलं आहे. मला वाटलं, आता माझ्यावर येणार. मी मान खाली घातली.

ते म्हणाले, "तुही वाट पाहून राह्यलो होतो मी. आज सांगशीन, उद्या सांगशीन. मले वाटे माणूस घडून राह्यला, घाई कराची नाई. आन् तिकडं देवराव खोट्यावर बसून राह्यला. पाय बी गेला त्याचा, आन् खरं बी नाई भेटलं त्याले. तुह्या घडण्यापायी मी त्याले थांबवून ठेवलं. हे चुकलं माहं."

हे मी त्यांना कधीतरी रागानं ऐकवायचं ठरवलेलं वाक्य होतं. तुमच्या मोठेपणात देवरावचा काय हिशोब केला तुम्ही, असं. ते त्यांनीच म्हटल्यावर माझ्याकडे काही उरलं नाही. मी म्हणालो, मी सांगतो. ते म्हणाले, मले नको सांगू. मग मुलीला हाक मारून गाडी पाहायला सांगू लागले, हिंगणीला देवरावकडे जायचं आहे, आजच. मुलगी माझ्यावरच रागावली, बापाला काय सांगून उठवलं म्हणून. त्यांना झोपवलं. निघताना मी पाया पडलो नाही, न जाणो तशा अवस्थेतही वाकायचे.

तीन आठवड्यांनी ते गेले. त्या तीन आठवड्यांत मी देवरावभाऊंना एकवीस वेळा नमस्कार केला असेल. सांगितलं नाही.

मंडळाची श्रद्धांजली सभा प्रार्थनाघरात ठेवली. दारावर फ्लेक्स, त्यावर काकाजींच्या नावामागं परमपूज्य. मजकूर मीच पास केला होता, इतका मी कोडगा झालो होतो. शेड भरून बाहेर माणसं उभी. डबे दुसरीकडे नेणारे सगळे आले होते आणि प्रत्येकाला काकाजींबद्दल बोलायचं होतं. चांगले होते, साधे होते, आणि मग थोडं थांबून, ती एक गोष्ट सोडली तर. तीन-चार जण त्या 'सोडली तर'पाशी येऊन वळले. मी माइक देत-घेत होतो.

मग देवरावभाऊ उठले. ते सभेत कधी बोलत नसत. माइक त्यांनी घेतला नाही. म्हणाले की मी लय वर्षं या माणसाचा राग केला. तो प्रार्थनेत मागं बसायचा म्हणून मी पुढं बसायचो, त्याचं तोंड दिसू नये म्हणून. पण माणूस आहे, चुकतो. त्यानं सगळ्यांसमोर कबूल तरी केलं. आज फोटोपुढं उभा राहून सांगतो, मी काकाजीले माफ केलं.

लोकांचे डोळे भरून आले. कोणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि थांबला. आता प्रमुखानं समारोप करायचा होता.

मी काय बोललो ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात एकही चांगलं वाक्य नव्हतं. मी म्हणालो, देवरावभाऊ, राख काकाजींनी दिली नव्हती. मी दिली. त्यांना माहीतही नव्हतं.

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. सुमनवहिनी बायांच्या बाजूनं म्हणाल्या, "फोन आलता म्हणाले होते तुम्ही."

"नव्हता आला."

"मी तुमाले दोनदा विचारलं होतं."

"हो, वहिनी. दोनदा विचारलं होतं."

त्या आणखी काही विचारतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळून बसल्या. मागून एक आवाज आला, कोणाचा ते अजून माहीत नाही, की मेल्यावर सांगून काय फायदा, जित्तेपणी सांगतलं असतं तं म्हाताऱ्याची चक्की तरी चालली असती. बरोबरच होतं ते. देवरावभाऊ उभेच होते, भिंतीला एक हात लावून. मला वाटत होतं ते शिवी देतील, अंगावर येतील. मी तयार होतो, खरं म्हणजे मला ते हवंच होतं.

ते खूप थकल्यासारखे दिसले. म्हणाले, "त्याले माफ कराले मले नऊ वर्षं लागली, सर. आता तुमच्यापासून पुन्हा सुरू करा लागते."

आणि गेले. वहिनी त्यांच्या मागं गेल्या.

प्रमुखपद मी त्याच दिवशी सोडलं. नवं कोणी नेमलेलं नाही, बाया आळीपाळीनं प्रार्थना घेतात. सांगणं पुन्हा सुरू झालं आहे. कोणी सांगतं, कोणी नाही. मी मागं बसतो. शाळेत काही पालकांनी माझ्याशी बोलणं टाकलं, काहींनी उगाच जास्त गोड बोलणं सुरू केलं, आणि या दुसऱ्यांचा त्रास जास्त होतो. देवरावभाऊंकडे दोनदा गेलो. एकदा ते घरी नव्हते, एकदा घरी असून नव्हते. फीचं, अर्जांचं काही काढायला मी जाणार नाही, हे आता ठरवलं आहे.

ते प्रार्थनेला मात्र चुकत नाहीत. सभेनंतर पहिले पंधरा दिवस ते अगदी दाराशी बसायचे, मी आत आलो की तोंड फिरवून. मग हळूहळू आत आले. गेल्या महिन्यात माझ्याच ओळीत, पण चार माणसं सोडून बसत. परवा गुरुवारी तीन माणसं सोडून बसले.

गर्दी होती, त्यामुळेही असेल.